‘एका लेव्हलचे किती?’ या प्रश्नात अडकलेलं मानधन

व्हिडिओ गेमसाठी फ्रीलान्स काम करणाऱ्या लेव्हल डिझायनरला स्टुडिओकडून पहिला प्रश्न येतो तो ‘एका लेव्हलचे किती घेता?’ हा. बोलणी बहुतेक वेळा इथेच फसतात, कारण लेव्हल हे मोजमापाचं एकक नव्हेच. खेळणारा जिथे धावतो, अडतो, मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो ती सगळी जागा म्हणजे लेव्हल. दार कुठे असावं, शत्रू कुठे दबा धरून बसावा, पुढची वाट किती लांबून दिसावी, हे सगळं त्यात येतं. 1993 साली आलेल्या ‘डूम’च्या 27 लेव्हलपैकी 19 सँडी पीटरसन या डिझायनरच्या नावावर आहेत. गेम बाजारात यायला जेमतेम दहा आठवडे उरले असताना तो कामावर आला होता. आकडा थक्क करणारा आहे खरा, पण त्यातल्या आठ लेव्हलचा कच्चा आराखडा टॉम हॉल हा आधीचा डिझायनर करून गेला होता. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच गेममध्येही ‘एक लेव्हल’ म्हणजे नेमकं किती काम, याचं उत्तर दोन प्रकारचं होतं. पीटरसन नोकरीत होता म्हणून ही तफावत कुणाच्या खिशाला लागली नाही. नगावर काम करणाऱ्याच्या खिशाला ती लागते.

हिशेब मांडूनच बघू. मुलुंडला घरून काम करणाऱ्या डिझायनरला घरखर्चासाठी महिन्याला 50,000 रुपये हवेत आणि वीज, इंटरनेट, संगणकाची झीज, सीएची फी यांचे आणखी 10,000 धरले, तर 60,000 होतात. महिन्यातले फार तर बारा दिवस बिलात लावता येतात, बाकीचे कामं शोधण्यात, कोटेशनं देण्यात आणि अडकलेल्या पैशांसाठी फोन करण्यात जातात. म्हणजे दिवसाचा दर झाला 5,000. आता एका लेव्हलला कागदावरच्या आखणीपासून साध्या ठोकळ्यांच्या ग्रेबॉक्सपर्यंत तीन दिवस, प्लेटेस्टनंतरच्या दुरुस्त्यांना दोन, सजावट आणि प्रकाशयोजनेला चार आणि शेवटच्या सफाईला दोन, असे अकरा दिवस लागले, तर बिल 55,000 चं व्हायला हवं. हीच लेव्हल ठोक 25,000 ला घेतली, की दिवसाला साधारण 2,270 हातात येतात. वर दोन-दोन दिवसांचे ‘छोटेसे चेंजेस’ तीनदा झाले, की 1,470. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. पण नुकसान दर कमी मिळाल्याने जेवढं झालं, त्यात बदलांना मर्यादा नसल्याने मोठी भर पडली, हे आकडे बदलूनही तसंच राहील. घराचं रंगकाम करणारा कंत्राटदारसुद्धा रंग लावून झाल्यावर छटा बदलायला सांगितली तर वेगळे पैसे मागतो, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

म्हणून भावाआधी काम ठरवावं. आखणी, ग्रेबॉक्स, सजावट आणि अंतिम फाइल असे टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याला किती फेऱ्या दुरुस्त्या धरल्या आहेत ते लिहावं, त्यापुढे दिवसाचा दर लागेल हेही लिहावं. ग्रेबॉक्स मंजूर झाल्यावर मुळातली वाटच बदलायची असेल, तर ते नवं काम. तीस टक्के ॲडव्हान्स मागण्यात संकोच नको.

राहिला प्रश्न पैसे वेळेवर मिळण्याचा. मुंबईतला अंधेरी-गोरेगाव पट्टा टीव्ही मालिकांचा. तिथे काम केल्यावर नव्वद दिवसांनी पैसे हातात पडण्याची रीत जुनी आहे, आणि संघटना त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. त्याच परिसरात उमेदवारी केलेल्या डिझायनरलाही ही रीत निसर्गनियमासारखी वाटू लागते. पण 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. एकटा फ्रीलान्सरही सेवा देणारा उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. इथे हमखास आक्षेप येतो: पुढचं काम ज्याच्याकडून हवंय, त्याच्यावर कोण तक्रार करणार? आक्षेप खरा आहे. पण 2023 च्या वित्त कायद्याने एक सोय केली. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे चुकते होईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापला, की मार्च जवळ येताच कंपनीचा अकाउंटंटच तुमची आठवण काढतो. परदेशी स्टुडिओपुढे मात्र हे अस्त्र चालत नाही. तिथे ॲडव्हान्स आणि टप्प्याटप्प्याने वसुली, एवढंच.

दुसरा मुद्दा हक्कांचा, आणि तो बहुतेक जण वाचतच नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम साधारणपणे मालकाचं असतं, पण बाहेरून काम करणाऱ्याचे हक्क, चित्रपट किंवा छायाचित्रासारखे काही अपवाद सोडले, तर लेखी करार करूनच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. स्टुडिओला हे हक्क हवेच असतात, आणि द्यायलाही हरकत नाही. फक्त ‘शेवटचा हप्ता जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ हे एक वाक्य करारात असावं. गेमच्या श्रेयनामावलीत नाव आणि गेम प्रसिद्ध झाल्यावर पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगीही त्याच कागदावर मागून घ्यावी, कारण पुढच्या कामाचा भाव त्यावर ठरतो.

यावर लहान स्टुडिओ म्हणतील, आमच्याकडे एवढे पैसेच नाहीत. ते खोटं नाही. इथले बरेच गेम तुटपुंज्या भांडवलावर बनतात. पण मग दर कमी करण्याऐवजी काम कमी करावं: फक्त ग्रेबॉक्सपर्यंत घ्यावं, सजावट स्टुडिओने करावी. नफ्यातला वाटा कबूल करायचा तर किमान रकमेच्या वर, तिच्या बदल्यात नव्हे. आणि ‘तुम्ही नाही तर बोरिवलीचा दुसरा कुणी निम्म्यात करेल’ या दमदाटीचं काय? करेल कदाचित. पटकथालेखकांचीही एके काळी हीच गत होती. आज त्यांची संघटना अंधेरीतच आहे आणि पैसे बुडाल्यास तिच्या तंटानिवारण समितीकडे दाद मागता येते. लेव्हल डिझायनरांची अशी संघटना नाही, म्हणून निदान आपापसात दर लपवणं तरी त्यांनी सोडावं. दर लपून राहिले की फायदा फक्त काम करून घेणाऱ्याचा होतो.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते, तिला शुल्क नाही. मात्र कायद्याचं संरक्षण हवं असेल, तर ती काम सुरू होण्याआधी झालेली असावी, मागाहून नव्हे. पुढचं कोटेशन पाठवण्यापूर्वी एवढं उरकून घ्या.