एसीचा गॅस संपत नाही, गळतो

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा मोटारीचा एसी ही केवळ चैन राहत नाही. आणि तो गार हवा देईनासा झाला की ‘गॅस संपला असेल, भरून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यामागे गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होतो ही समजूत असते. वस्तुतः एसीची यंत्रणा बंदिस्त असते आणि तिच्यातील शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारे द्रव्य, जळत नाही की झिजत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे होणारे किंचित झिरपणे सोडले, तर गॅस कमी होणे म्हणजे कुठेतरी गळती असणे.

बहुतेक मोटारींत वापरले जाणारे आर-१३४ए हे शीतक उणे २६ अंशांना उकळते. कॉम्प्रेसर हा वायू दाबून तापवतो, रेडिएटरपुढील कंडेन्सरच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब उतरतो, आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्ये तो उकळताना आतल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसरचे वंगणतेलही याच गॅसबरोबर फिरत असल्याने गळतीत तेही कमी होऊ शकते.

घरी गॅस भरण्यासाठी डबा, नळी आणि दाबमापक एवढे साहित्य लागते. एसी चालू ठेवून कमी दाबाच्या, म्हणजे जाड नळीवरील तोंडातून गॅस सोडतात. जास्त दाबाच्या तोंडाला डबा जोडल्यास तो फुटू शकतो आणि उडालेल्या द्रवाने त्वचा व डोळे गोठून इजा होते, म्हणून चष्मा व हातमोजे अनिवार्य ठरतात. खरी उणीव मात्र मोजमापात आहे. यंत्रणेतील दाब गॅसच्या मात्रेइतकाच हवेच्या तापमानावरही अवलंबून असतो, त्यामुळे भर दुपारी मापकाचा काटा योग्य जागी दिसला तरी गॅस पुरेसा आहे असे ठरत नाही. लहान मोटारीला साधारण अर्धा किलो किंवा त्याहून कमी गॅस लागतो, त्याचे नेमके वजन बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते, आणि त्याहून जास्त भरल्यास गारवा उलट घटून कॉम्प्रेसरवर ताण येतो. शिवाय आत शिरलेली हवा व ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते; ते काम डब्याने होत नाही.

त्यामुळे घरी करण्याजोगे काम वेगळेच आहे: कंडेन्सरवर साचलेली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुणे, केबिन फिल्टर बदलणे, पंखा फिरतो का ते पाहणे आणि जोडांवर तेलकट डाग शोधणे, कारण असा डाग ही गळतीची खूण असते.

पूर्वीच्या आर-१२ या शीतक वायूने ओझोनचा थर विरत असल्याने १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो हटवला गेला. आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी असला तरी वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे, म्हणून त्याच्यासारख्या वायूंचा वापर घटवणारी २०१६ची किगाली दुरुस्ती भारताने २०२१मध्ये स्वीकारली. अर्धा किलो गॅस हवेत सुटणे हे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे.

म्हणून वाहनधारकाने मेकॅनिककडून आधी गळती शोधून घ्यावी, व्हॅक्यूम करून गॅस तोलून भरण्याचा आग्रह धरावा आणि भरलेले वजन बिलावर ग्रॅममध्ये लिहून घेऊन बॉनेटखालच्या आकड्याशी ताडून पाहावे.