माप चुकलेली वाटी आणि कॅनचा पत्रा

सायकलच्या जुन्या एक इंची हेडसेटच्या वाट्या दोन फसव्या मापांत आढळतात: जपानी पद्धतीची 30.0 मिलिमीटरची आणि युरोपीय रोड सायकलींची 30.2 ची. पहिली वाटी दुसऱ्या मापाच्या फ्रेममध्ये सैल बसते. तिथे शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियम कॅनचा पत्रा कामी येतो. जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, म्हणजे एका वेढ्यात व्यासातला फरक भरून निघतो. पत्रा मऊ, तो टिकणार कसा, ही शंका रास्त आहे. पण वाटीवरचा मुख्य भार तिला फ्रेमच्या नळीच्या तोंडावर दाबतो आणि तो वाटीची कड पेलते. पत्र्याने फक्त तिला डुलू द्यायचे नाही. खालच्या वाटीला खड्ड्यांचे हादरे जास्त, म्हणून तिथे लक्ष ठेवावेच लागते.

फोर्कवरच्या कड्याला हा न्याय लागू होत नाही. 27.0 चे कडे 26.4 च्या बैठकीवर बसवायला तीन वेढे लागतात. कडे कलते आणि छर्रे एकाच बाजूला घासतात. तिथे योग्य मापाचे कडेच शोधावे. आट्यांत तर जुगाड नकोच: जुन्या रॅले सायकलच्या इंचाला 26 आट्यांच्या फोर्कवर 24 ची वाटी पान्याच्या जोराने चढवली, तर फोर्कच्याच आट्या मरतात.