तक्रारीआधी उपचार

लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीचा उपचारांचा हक्क भारतात पोलीस तक्रारीवर अवलंबून नाही. तक्रार दिलेली नसली किंवा द्यायची नसली, तरी रुग्णालयाला तिला परत पाठवता येत नाही. हे बंधन २०१३ मध्ये कायद्यात आले. मुंबईच्या तीन पालिका रुग्णालयांत मात्र त्या धर्तीचे काम त्याआधीच सुरू झाले होते.

तीन रुग्णालये

बृहन्मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले. घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांना तेथे समुपदेशन मिळे. २००८ पासून भाभा, घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय आणि ओशिवरा प्रसूतिगृह येथे लैंगिक अत्याचारावरील सेवा सुरू झाली. तोवर सर्वसाधारण रीत अशी होती, की पोलिसांचे पत्र आले तरच तपासणी व्हायची. डॉक्टर पुराव्यापुरते पाहत आणि औषधोपचार मागे पडे. या तीन ठिकाणी संमती, उपचार, पुरावा आणि समुपदेशन यांचा एकच क्रम बसवला गेला. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून ‘दिलासा’ मुंबईतील ११ रुग्णालयांत पोहोचले.

कायदा

लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ क आले. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. रुग्णालय केंद्राचे असो, राज्याचे, पालिकेचे वा खासगी, त्याने तातडीने मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचे. उपचार नाकारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रुग्णालयाने पोलिसांना कळवले, तरी जबाब देण्यास पीडितेचा नकार असेल तर तो केसपेपरवर नोंदवला जातो. त्यामुळे उपचार अडत नाहीत.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०१४ मध्ये आली. त्यांनी ‘दोन बोटांची चाचणी’, म्हणजे बोटांनी केलेली योनितपासणी, बाद ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशी चाचणी करणे हे गैरवर्तन मानले जाईल, असे बजावले.

तपासणी

तपासणी आणि नमुने घेणे यांसाठी वेगवेगळी संमती घ्यावी लागते. एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार देता येतो. शरीरावरील नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. स्वॅब आधी हवेवर वाळवतात, कारण ओल राहिली तर बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. मग तो कागदी पाकिटात घालतात. पाकिटावर नाव, वेळ आणि सही घालून ते सील होते आणि पोलिसांच्या हाती दिल्याची नोंद होते. मुंबईतील असे नमुने कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. अंगावर जखम नाही म्हणून अत्याचार झाला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

उपचारांचे घड्याळ वेगळे असते. एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर, तितकी परिणामकारक. गर्भ राहिल्यास २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो.

नोकरीतला अत्याचार

सैन्यदलांसारख्या गणवेशधारी सेवेत तक्रार बऱ्याचदा वरिष्ठांमार्फत जाते. आरोपी वरिष्ठच असेल, तर तक्रारीची वाट तेथेच अडते आणि अनेकदा गोष्ट निवृत्तीनंतर बाहेर येते. तोवर नमुन्यांची मुदत संपलेली असते, पण झोप उडणे, दचकणे, खिन्नता हे त्रास उरतात. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने माजी महिला सैनिकांना अशा अत्याचारानंतरचे समुपदेशन मिळू लागले. तेथे आज सेवेत असताना तक्रार केली होती का, याचा पुरावा न मागता मोफत उपचार होतात. भारतात माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून पॅनेलवरील रुग्णालयात पाठवले जाते. त्याशिवाय मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सरकारी मानसोपचाराचा हक्क प्रत्येकाला देतो. त्यामुळे मालाडची निवृत्त नौदल कर्मचारी असो वा मुलुंडची निवृत्त परिचारिका, पालिका रुग्णालयाचा मानसोपचार विभाग तिला खुला आहे. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइनही मोफत आहे.

उणिवा

भारतीय न्याय संहितेत प्रौढ पुरुषावरील बलात्काराला स्वतंत्र कलम नाही. २०१४ ची तत्त्वे पुरुष आणि तृतीयपंथीयांनाही लागू आहेत, पण कलम ३९७ स्त्रिया आणि मुलांवरील गुन्ह्यांशी जोडलेले आहे. महाराष्ट्राची २०१३ ची ‘मनोधैर्य’ योजना विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसाहाय्य देते, मात्र त्यासाठी गुन्हा नोंदलेला असावा लागतो. पैशाची वाट पोलीस ठाण्यावरून जाते. उपचारांची तशी नाही, आणि हा फरक केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्यापासून ड्युटीवरील डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असावा लागतो.