सगळे मिळून जिंका, नाहीतर सगळे मिळून हरा!

पत्ते म्हटलं की होस्टेलवाल्यांना काय आठवतं? मेंढीकोट, रमी, झब्बू, चॅलेंज आणि ऐन पीएलमध्ये रात्री दोन वाजता दारावर पडणारी रेक्टर सरांची थाप! या सगळ्या खेळांत एक गोष्ट ठरलेली. कुणीतरी जिंकणार आणि कुणीतरी हरणार. मेंढीकोटात आपला भिडू असतो खरा, पण समोर दुसरी जोडी असतेच. टेबलाभोवती बसलेले सगळे एकाच बाजूला आणि विरोधात फक्त पत्त्यांचा गठ्ठा, असा डाव तुम्ही कधी खेळला आहात का?

अशा खेळांना सहकारी खेळ म्हणतात. (‘सहकारी’ म्हटल्यावर साखर कारखाना डोळ्यांसमोर आला असेल तर तो मराठी मातीचा गुण आहे, तुमचा दोष नाही!) त्यातलाच एक म्हणजे ‘सेंटिनल्स ऑफ द मल्टिव्हर्स’. ‘ग्रेटर दॅन गेम्स’ या अमेरिकन कंपनीने तो २०११ साली काढला आणि २०१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. मी लिहितोय ते या सुरुवातीच्या आवृत्त्यांबद्दल. पुढे आलेल्या ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्तीत बरेच पत्ते नव्याने लिहिले आहेत.

डाव कसा चालतो?

तीन ते पाच जणांनी बसायचं. प्रत्येकाने एक सुपरहिरो निवडायचा आणि त्याचा ४० पत्त्यांचा तयार गठ्ठा घ्यायचा. खलनायकाचा गठ्ठा २५ पत्त्यांचा आणि ज्या ठिकाणी लढाई चालली आहे त्या परिसराचा १५ पत्त्यांचा. हे शेवटचे दोन गठ्ठे कुणी चालवत नाही. पाळी आली की त्यांचा वरचा पत्ता उलटायचा आणि त्यावर लिहिलंय ते निमूटपणे करायचं.

आधी खलनायकाची पाळी, मग एकेका नायकाची, शेवटी परिसराची. नायकाच्या पाळीत तीन कामं असतात: एक पत्ता खेळणे, एक शक्ती वापरणे, एक पत्ता उचलणे. पहिली दोन्ही कामं सोडली तर एकाऐवजी दोन पत्ते उचलता येतात. बस्स, नियम एवढेच! बाकी सगळं पत्त्यांवर लिहिलेलं असतं.

मूळ पेटीत १० नायक, ४ खलनायक आणि ४ परिसर आहेत. आता जरा कॉम्बिनेशन्स आठवा. दहातून चार नायक २१० प्रकारे निवडता येतात. त्याला सोळाने गुणलं की ३३६० वेगवेगळे डाव झाले. सेमिस्टरभर पुरून उरतील!

पहिल्या डावाला खलनायक घ्यावा तो बॅरन ब्लेड. याचा जीव ४० आणि बेत असा की चंद्र खेचून पृथ्वीवर आदळायचा! त्याच्या टाकलेल्या पत्त्यांचा ढीग १५ वर गेला आणि त्याची पाळी सुरू झाली, की खेळ खलास. गंमत पुढे आहे. तो जी यंत्रं मांडतो ती तुम्ही फोडलीत तर तेही पत्ते त्याच ढिगात जातात! म्हणजे यंत्र ठेवलं तर मार बसतो आणि फोडलं तर चंद्र जवळ येतो. त्याचा जीव शून्यावर आणला तरी सुटका नाही. पत्ता उलटतो आणि स्वारी ३० जीव घेऊन पुन्हा उभी!

एकाची किंमत किती?

आता इंजिनिअरच्या डोक्याला आवडेल असा भाग. लेगसी नावाच्या नायकाची शक्ती अगदी साधी आहे. त्याची पुढची पाळी येईपर्यंत सगळ्या नायकांचा प्रत्येक मार एकाने वाढतो. एकाने काय होतंय, असं वाटेल. पण हिशेब करा. रा हा सूर्यदेव एकाच शत्रूला २ चा मार देतो, त्याचे ३ होतात. फायदा १. टेम्पेस्ट मात्र नायक सोडून समोरच्या प्रत्येकाला १ चा मार देतो. समोर पाच जण असतील तर पाचाचे दहा होतात, म्हणजे फायदा ५. लेगसी तोच, शक्ती तीच, पण शेजारी कोण बसलाय त्यावर तिची किंमत ठरते.

दुसरा नमुना अ‍ॅब्सोल्यूट झीरो. याची मूळ शक्ती म्हणजे स्वतःलाच १ चा गरम किंवा थंड मार देणे! पहिल्यांदा वाचलं की वाटतं, छपाईची चूक आहे. पण त्याची दोन उपकरणं आहेत. एक लागलं की गरम मार बसल्यावर तो तेवढाच थंड मार दुसऱ्याला देऊ शकतो. दुसरं लागलं की थंड माराने जीव कमी होण्याऐवजी भरून येतो. आता यात लेगसीचा अधिक एक घाला. स्वतःला बसतात २ आणि शत्रूला ३. उपकरणं हातात यायच्या आधी मात्र तोच अधिक एक स्वतःलाच सोसावा लागतो. नवख्या माणसाला हा नायक चुकूनही देऊ नका.

मग खेळ चांगला की वाईट?

सहकारी खेळांना एक जुना रोग आहे. माहिती सगळ्यांसमोर उघडी असते, त्यामुळे टेबलावरचा एक हुशार गडी सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. ‘तू हे टाक, तू ते उचल.’ बाकीचे नुसते हात हलवतात. २००८ साली आलेल्या ‘पँडेमिक’सारख्या उत्तम खेळातही हे होऊ शकतं. आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्टमध्ये काय होतं ते आठवा. एक जण सर्किट जोडतो, चौघे रिपोर्टवर सह्या करतात आणि व्हायवाला त्या चौघांची त्रेधातिरपीट उडते.

म्हणून माझी परीक्षा एकच आहे. डाव संपला की टेबलावरच्या सगळ्यांत गप्प माणसाला विचारायचं, ‘आज तू स्वतः काय ठरवलंस?’ त्याला सांगता आलं तर खेळ पास. ‘सगळे म्हणाले तसं केलं’ असं उत्तर आलं, तर पेटी कितीही देखणी असो, केटी!

या परीक्षेत सेंटिनल्स बऱ्यापैकी पास होतो. कुणी तोंड बंद करायला लावतं म्हणून नव्हे, तर प्रत्येकाचा गठ्ठा इतका वेगळा आहे की स्वतःचा सांभाळून झीरोच्या गरम-थंडाचा हिशेब शेजाऱ्याने करणं अवघड जातं. मग त्यालाच विचारावं लागतं, ‘तुझ्याकडे काय आहे? तू काय करू शकतोस?’ गप्प बसणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलाला अख्खं टेबल हा प्रश्न विचारतं, तेव्हा तो आपोआप बोलायला लागतो. आणि नायक पडला तरी माणूस बाद होत नाही. पत्ता उलटतो, त्यावर मदतीच्या तीन कृती असतात, त्यातली एक दर पाळीला करता येते. हरणारा गडी उठून मेसला गेला, असं होत नाही.

दोषही सांगायला हवेत. पहिला म्हणजे हिशेब. कुणाचा अधिक एक, कुणाचा उणे एक, पाळीच्या सुरुवातीला काय, शेवटी काय, हे लक्षात ठेवताना जीव मेटाकुटीला येतो. (२०१४ साली ‘हँडेलॅब्रा’ने काढलेल्या संगणकीय आवृत्तीत ही बेरीज-वजाबाकी यंत्रच करतं, पण समोरासमोर बसण्याची मजा त्यात नाही.) दुसरा दोष म्हणजे सगळे खलनायक सारख्या वजनाचे नाहीत, काही नायकांच्या जोड्यांना काहींसमोर तग धरणंच कठीण. तिसरा म्हणजे निकाल कधीकधी अर्ध्यातच कळतो आणि उरलेला वेळ नुसता रेटावा लागतो. पाच जण बसलात तर हे जास्तच जाणवतं. माझ्या मते चौघे बरे.

तेव्हा मित्रांनो, कधी संधी मिळाली तर जरूर खेळा. एक वही-पेन्सिल जवळ ठेवा, बेरजा तिच्यावर सोपवा. आणि शेजाऱ्याच्या हातातला पत्ता तुम्हाला कितीही स्पष्ट दिसत असला, तरी तो त्यालाच टाकू द्या!