चौकशीतील चुकांची किंमत

तलासरी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचा शिक्षक निलंबित झाला की त्याची चर्चा आठवडाभर होते. पुढे काही वर्षांनी न्यायालय त्याची बडतर्फी रद्द करते, तेव्हा ज्या मुलांसाठी तो नेमला होता ती शाळा सोडून वापी-उंबरगावच्या कारखान्यांत कामाला लागलेली असतात. या दोन घटनांच्या मधला काळ कोणाच्या खर्चाने गेला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

न्यायालयात गेले की सरकारी नोकर सुटतो, अशी एक समजूत आपल्याकडे दृढ आहे. ती बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बी. सी. चतुर्वेदी खटल्यात स्पष्टच सांगितले की, विभागीय चौकशीवर न्यायालय अपिलासारखे बसत नाही. पुरावा पुन्हा तोलणे हे त्याचे काम नव्हे. आरोप नेमके सांगितले होते काय, कागदपत्रे दिली काय, साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली काय, आणि शिक्षा मनाला धक्का देण्याइतकी अवाजवी आहे काय, एवढेच ते पाहते. त्याआधी १९९३ च्या करुणाकर खटल्यात तर असेही ठरले होते की, चौकशी अहवालाची प्रत मिळाली नाही एवढ्यावरून शिक्षा आपोआप पडत नाही. त्यामुळे कर्मचाऱ्याच्या बचावाची हानी झाली की नाही हे तपासावे लागते.

म्हणजे न्यायालयाचा उंबरठा वाटतो त्याहून उंच आहे. त्यातून जिल्हा परिषदेचा सेवक महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही. त्याचे अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे डहाणू-तलासरीकराच्या दृष्टीने नवी मुंबईच्या कोकण भवनात. तेथे निभावले नाही तर मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याचे ठिकाण तरी जवळ आले. त्यापूर्वी चौकशीच्या प्रत्येक तारखेला ठाणे गाठावे लागे, आणि तलासरीला तर रेल्वेही नाही. अर्ध्या पगाराएवढ्या निर्वाह भत्त्यावर घर चालवणाऱ्याला हा प्रवास काय पडतो, याचा हिशेब कोणत्याही चौकशी अहवालात नसतो. न्यायालयाने तो केला आहे. मध्य प्रदेशातील घनश्यामदास श्रीवास्तव या वन कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता न देता सुमारे पाचशे किलोमीटरवर चौकशीस बोलावले होते. पैशाअभावी तो गेला नाही. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशीच अवैध ठरवली. आपल्या राज्याच्या सेवानियमांत तर, शिक्षा झालेल्या सेवकाला अपील चालू असेपर्यंत दरमहा एक रुपया निर्वाह भत्ता देण्याची तरतूद होती! एका रुपयात जगायचे कसे, हे नियम करणाऱ्यांना सुचले नसावे. १९८३ च्या चंद्रभान टाळे खटल्यात ती रद्द झाली.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला येथे प्रोत्साहनाचा प्रश्न दिसतो. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपाली गुंडू सुरवसे खटल्यात, तेव्हाच्या औरंगाबादेतील खाजगी शाळेच्या शिक्षिकेला सेवामुक्तीच्या काळातील पूर्ण वेतन द्यायला लावले. शाळा न्यायाधिकरणाने ते मंजूर केले होते, उच्च न्यायालयाने नाकारले होते. निकालामागचा विचार आर्थिकदृष्ट्याही निर्दोष आहे: बेकायदा कृत्याची किंमत ते करणाऱ्याने मोजावी, म्हणजे पुढच्या वेळी तो विचार करील. संस्थाचालकाला ही भीती वाटेलही. पण नोकरी देणारी जिल्हा परिषद असेल तर? थकित वेतन सार्वजनिक तिजोरीतून जाते. ज्या अधिकाऱ्याने दोषारोपपत्र मोघम लिहिले किंवा साक्षीदारच बोलावले नाहीत, तो तोवर बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो. त्याच्या खिशातून दमडी जात नाही. चुकीला किंमतच नसेल तर चुकीचा पुरवठा वाढणारच.

याचा फायदा निर्दोषालाच होतो असेही नव्हे. महिनोन्महिने शाळेत न फिरकणारे शिक्षक आहेत; ते नाकारण्यात अर्थ नाही. अशा माणसाविरुद्धची चौकशी कोणाच्या आळसाने कोसळली तर तो थकबाकी घेऊन परततो, आणि वारली मुलांच्या वर्गाला दोनदा फटका बसतो. चौकशी नीट व्हावी ही मागणी कर्मचारी संघटनांइतकीच पालकांनीही करायला हवी.

शासकीय सेवकांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत, निष्काळजीपणाने शासनाचे आर्थिक नुकसान करणाऱ्याच्या वेतनातून ते वसूल करण्याची शिक्षा आहे. तिचा वापर रोखपालावर, भांडारपालावर होतो. चौकशी बिघडवून तिजोरीवर थकबाकीचा बोजा टाकणाऱ्या अधिकाऱ्याला तो नियम का लावू नये? निदान पालघर जिल्हा परिषदेने दरवर्षीच्या अंदाजपत्रकाबरोबर एक पान जोडावे: किती शिक्षा न्यायालयात वा अपिलात रद्द झाल्या, कोणत्या त्रुटीमुळे, आणि त्यापोटी किती वेतन द्यावे लागले.