दार कुणाला उघडायचं?

मैत्रिणींनो, वरची खोली भाड्यानं द्यायची झाली की आपण काय काय विचारतो? गाव कोणतं, नोकरी कुठं, माणसं किती, जेवणखाण कसं. आणि येणारा एकटा असला तर पुढं बोलणंच खुंटतं. ‘आम्ही फॅमिलीलाच देतो हो,’ म्हणून दार लावून मोकळं! घरात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, याचा शेवटचा शब्द बहुतेक घरांत आपलाच असतो. म्हणूनच आजचा विषय मुद्दाम तुमच्यापुढं मांडतेय.

विषय आहे समलिंगी माणसांचा. म्हणजे ज्या पुरुषाला पुरुषाचीच ओढ वाटते किंवा ज्या बाईला बाईचीच, त्यांचा. नाक मुरडून पान उलटू नका. ‘ही परदेशातली थेरं’ असंही म्हणू नका. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात मुलीवर जीव जडलेली एक कॉलेजातली मुलगी उभी केली, ती 1981 साली. माणसं आपल्यातच होती, आहेत. फक्त बोलायची चोरी.

आता एक खरी हकिगत ऐका. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वीसहून अधिक वर्षं त्यांनी मराठी शिकवलं. स्वतः कवी. निवृत्ती अवघ्या काही महिन्यांवर आलेली. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसली आणि एका पुरुषाबरोबर असताना त्यांचं चित्रण केलं. शिक्षा कुणाला झाली असेल? घुसणाऱ्यांना? छे! विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांना. वर राहतं घरही सोडायला सांगितलं.

ते कोर्टात गेले. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. पण 7 एप्रिलला सिरस भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. मृत्यू कसा झाला, याचा छडा लागला नाही. पुढं त्यांच्यावर ‘अलीगढ’ नावाचा हिंदी चित्रपट आला, तो 2016 साली आपल्याकडं प्रदर्शित झाला. तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या वेळी कायदा सिरसांच्या विरुद्ध नव्हता. इंग्रजांनी 1860 साली केलेल्या दंडसंहितेत 377 वं कलम होतं, त्यानं असे संबंध गुन्हा ठरत. सज्ञान माणसांनी खुषीनं, खाजगीत ठेवलेल्या संबंधांपुरतं ते कलम दिल्ली उच्च न्यायालयानं 2 जुलै 2009 रोजी बाजूला सारलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पुन्हा स्वच्छ सांगितलं, की हा गुन्हा नाही. समलिंगी लग्नाला मात्र कायद्याची मान्यता अजून नाही. 2023 सालच्या निकालात कोर्टानं तो प्रश्न संसदेवर सोडला.

म्हणजे पोलिसांची भीती गेली. पण शेजाऱ्यांची? घरमालकिणीची? जन्मदात्या आईची? ती काही कोर्टाच्या हुकमानं जात नाही बायांनो. ती आपणच घालवायची.

आपल्या घरांत यावर ठरलेलं औषध एकच: ‘लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल!’ कसं येणार? मुलगा घुसमटतो तो घुसमटतोच, आणि दुसऱ्याची लेक फुकट भरडली जाते. नवरा जवळ का येत नाही, हे तिला उमगत नाही. सासू म्हणते, ‘तुलाच नवरा बांधून ठेवता येत नाही.’ ती बिचारी नव्या साड्या नेसते, उपासतापास करते, स्वतःत खोट शोधत राहते. खोट तिच्यात नसते, खरं तर त्याच्यातही नसते. खोट असते ती ठाऊक असून लग्न रेटणाऱ्यांच्या हट्टात. मुलीचंही तसंच. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीला बोहल्यावर चढवून आईची जबाबदारी संपत नाही, वाढते.

डॉक्टरकडं नेऊन ‘बरं’ करू म्हणाल, तर हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 साली तो रोगांच्या यादीतून काढला. असा स्वभाव ‘बदलून देण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 साली जाहीर केलंय. तेव्हा गोळ्या, शॉक, अंगारेधुपारे असलं काही सांगणाऱ्याच्या पायऱ्या चढूच नका.

मग करायचं काय? लेकानं किंवा लेकीनं धीर करून सांगितलंच, तर आधी पुरतं ऐकून घ्या. रडू आलं तर रडा, पण ‘आम्ही मेलो असं समज’ हे वाक्य तोंडून काढू नका. त्याच्या परवानगीवाचून ही गोष्ट नणंदेला, जावेला सांगू नका. मन उदास राहत असेल तर चांगल्या समुपदेशकाकडं जा, मूल बदलायला नव्हे, आपलं मन सावरायला. चित्रा पालेकरांसारख्या रंगभूमीवर आणि चित्रपटात नाव मिळवलेल्या बाईंनी आपली मुलगी समलिंगी आहे हे उघड सांगितलं, आणि 377 विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पालकांत त्याही होत्या. आईला पदर तोंडावर घ्यायचं कारण नाही.

आणि मूल आपलं नसेल, तरी एवढं करताच येईल: हळदीकुंकवाला कुणाच्या ‘बायल्या’ मुलाची टिंगल निघाली तर हसू नका, विषय बदला. दोन मैत्रिणी जन्मभर एकत्र राहत असल्या तर चौकशा नकोत. आणि भाडेकरू वेळेवर भाडं देतो, जिना स्वच्छ ठेवतो, कुणाच्या वाटेला जात नाही ना, एवढंच बघा. त्याचं मन कुणावर जडलंय, हा भाडेपावतीवर लिहायचा मजकूर नाही.