कमी वेगात अडखळणारे इंजिन

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी फ्युएल इंजेक्शनने घेतली. या प्रणालीत इंजिनात येणाऱ्या हवेचा सेन्सरद्वारे अंदाज घेऊन ईसीयू, म्हणजे गाडीतील छोटा संगणक, पेट्रोलची मात्रा ठरवतो. सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदलला की हा हिशेब बिघडू शकतो, आणि थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना ते सर्वाधिक जाणवते, कारण तेव्हा आत जाणारी हवाच इतकी थोडी असते की किंचित तफावतही ज्वलन अडखळवते. तरीही नवा मॅप, म्हणजे पेट्रोलच्या मात्रेचा तक्ता, टाकण्याची घाई करू नये. एग्झॉस्टच्या सैल सांध्यातून ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे बाहेरची हवा शिरली, तर पेट्रोल कमी पडत असल्याचा चुकीचा संकेत मिळून ईसीयू ते विनाकारण वाढवतो. थ्रॉटल बॉडीच्या रबरी जोडाला तडा असेल, तर मात्र मिश्रण खरोखरच विरळ होऊ शकते. म्हणून आधी हे सांधे, मग स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीतील काजळी आणि चेनचा ताण तपासावा; ढिली चेनही कमी वेगात असेच हिसके देते आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते, ही खेदाची गोष्ट आहे.